नल आला का बघा

कर्णिक मॅडमकडे कामाला लागले त्या पहिल्याच संध्याकाळी मी त्यांच्या क्लाससमोर स्वतःचं हसं करून घेतलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर हॉलमध्ये मॅडम कॉलेजच्या मुलांना शिकवत होत्या. काय शिकवत होत्या ते मला माहीत नव्हतं. एकदम त्यांचा आवाज चढला, "आधी नल आला का बघा! नल आला का ते न बघता पुढे जायचं नाही!"

आमच्या चाळीत अर्धी माणसं हिंदी बोलणारी. नळाला तिथे नलच म्हणतात आणि तो आला की हातातलं टाकून धावायचं असतं. मी कणकेच्या हातानेच तोटी फिरवली. नुसती हवा आली. मोठ्याने बोलायचा माझा स्वभाव नाही, पण पाण्याची गोष्ट होती, म्हणून हॉलच्या दारात जाऊन सांगितलं, "नाही आला."

मुलं इतकी हसली की एक जण खुर्चीवरून घसरला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही आला ना? मग पुढे जा." मी पुढे म्हणजे परत कणकेकडे गेले.

जेवताना त्यांनी मला समजावून सांगितलं. "कॉम्प्युटरकडे जागा मागावी लागते. असली तर तो जागेचा पत्ता देतो. नसली तर नल देतो. नल म्हणजे नाही. ही पोरं मागतात आणि मिळालीच असं धरून सामान टाकायला लागतात. मग प्रोग्रॅम मरतो आणि माझ्या नावाने खडे फोडतात." थोडं जेवून झाल्यावर म्हणाल्या, "आणि पाणी आपल्याकडे सकाळी येतं."

मॅडम मुलुंड पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहायच्या. किरकोळ अंगाच्या, केस कापलेले, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. ते सारखं खाली घसरायचं आणि बोलता बोलता त्या ते वर ढकलायच्या. तरुणपणी त्यांनी अशा ऑफिसात काम केलं होतं, जिथे कॉम्प्युटर खोलीएवढा आणि त्यातली जागा डब्याएवढी होती. त्यामुळे जागा वाया घालवणाऱ्याचा त्यांना मनापासून राग यायचा. लग्न केलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी मागितलं नाही, कोणी दिलं नाही. भांडणाचा प्रश्नच आला नाही."

सी नावाच्या भाषेत नापास झालेली मुलं त्यांच्याकडे यायची. पास झालेलीही यायची, पण ती कमी. हॉलची एक पूर्ण भिंत काळी रंगवून घेतली होती आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने चार ओळी लिहिल्या होत्या. मागा. मिळालं का बघा. वापरा. सोडा. माझी चौथीपर्यंत शाळा झालेली. तेवढं मला वाचता यायचं. पहिले काही दिवस मला ते भिकाऱ्यांसाठी लिहिलेलं वाटलं.

मॅडम त्या चार ओळींप्रमाणे जगायच्या. रिक्षा थांबली की "नाहूर स्टेशन?" असं विचारायच्या आणि रिक्षावाल्याची मान होकारात हलल्याशिवाय पाय आत ठेवायच्या नाहीत. तो मान न हलवता पुढे गेला तर माझ्याकडे वळून म्हणायच्या, "नल." रागावायच्या नाहीत. त्यांच्या मते रिक्षावाल्याने काही चूक केलेली नसायची. जागा नव्हती, त्याने तसं सांगितलं. चूक चालत्या रिक्षात चढणाऱ्याची.

मला सगळ्यात कठीण गेल्या चपात्या. ज्या मुलाचा प्रोग्रॅम चालत नसे त्याला मॅडम घरी सोडत नसत आणि उपाशीही ठेवत नसत. मी दुपारी विचारायचे, "मॅडम, किती जण जेवायला?" त्या म्हणायच्या, "रन टाइमला कळेल." म्हणजे तेव्हाचं तेव्हा. मी आधीच्या घरी मोजून चपात्या करत आले होते. इथे एके दिवशी सगळे घरी गेले आणि चपात्या उरल्या, दुसऱ्या दिवशी सगळे राहिले आणि मुलं एकमेकांच्या ताटात बघायला लागली.

मग मॅडम स्वयंपाकघरात आल्या. मुलांनाही बोलावून घेतलं. "हे बघा. ही बाई अ‍ॅरे करते. अ‍ॅरे म्हणजे लग्नाचा हॉल. तारीख आधी, पानं आधी. माणसं कमी आली तर खुर्च्या रिकाम्या, जास्त आली तर मुलीच्या बापाची वाट लागली. मॅलॉक म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढी जागा मागायची, माणूस दारात आला की त्याच्यापुरतं ताट मांडायचं. मंगल, उद्यापासून कणीक मळून झाकून ठेव. माणूस आला की लाट."

त्या दिवसापासून मी तशाच लाटते. मुलं मला मॅलॉक मावशी म्हणायला लागली. मला लाज वाटायची, पण हाक मारली की मी ओ द्यायचे.

चहाचे कप ज्याचे त्याने विसळायचे हा त्यांचा नियम होता. निनाद नावाचा एक मुलगा होता. हुशार, पण तोंडाळ. तो म्हणाला, "मॅडम, नवीन भाषांमध्ये सोडायची भानगडच नाही. आपण वापरायचं आणि टाकून द्यायचं. मागून कचरेवाला येतो आणि उचलतो."

"येतो ना," मॅडम म्हणाल्या. "कधी येतो?"

"त्याला वाटेल तेव्हा."

"आपल्या सोसायटीत पण तसंच आहे. तोवर जिन्यात वास येतो. कप विसळ."

शनिवारी मॅडम सोड्याची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी करायला लावायच्या. बिल्डिंगमध्ये बहुतेक घरं शाकाहारी, त्यामुळे खिडक्या लावून. निनादने वासावरून ओळखलं आणि भिंतीवरच्या चौथ्या ओळीकडे बोट केलं, "मॅडम, सोडा असं तुम्हीच लिहिलंय." मॅडमनी त्याला ताट दिलं आणि सांगितलं, "सोडे सोडून बाकी सगळं."

आता माझं सांगते. मला मागता येत नाही. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला तरी मागच्याला पुढे जाऊ द्यायचे, कारण त्याला बोलता यायचं. बसमध्ये दुसरं कोणी उतरलं तर उतरायचे, नाहीतर पुढच्या स्टॉपवरून चालत यायचे. नवरा असताना तो बोलायचा. तो गेल्यावर सासूबाई बोलायच्या. सासूबाईंना बोलायला जमायचं, पण गुडघ्यांमुळे फिरायला जमायचं नाही, म्हणून त्यांचं बोलणं बहुतेक माझ्याशीच व्हायचं.

आमची चाळ पाडायला निघाली. बिल्डरने नवीन घर देण्याचा कागद दिला. तोपर्यंत राहायची सोय ज्याची त्याने बघायची. भाड्याचं बिल्डर बघणार होता आणि तो बघतच होता. शेजारपाजारचे एकेक करून गेले. सासूबाईंना जमिनीवर झोपता येत नाही, उठता येत नाही. त्यांची लोखंडी खाट कुठे न्यायची हाच प्रश्न होता. जिथे खाट मावेल तिथे आम्हाला कोणी घेत नव्हतं, म्हणजे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

मॅडमच्या घरात आत एक खोली होती. तिथे त्या झोपत नसत, नुसतं सामान असायचं. मी एक दिवस वाढता वाढता म्हटलं, "मॅडम, आमची चाळ पाडतायत."

"नवीन मिळालं?"

"नाही अजून."

"जुनं सोडलंत?"

"सह्या केल्यात."

मॅडमनी घास खाली ठेवला. "नवीन जागेची चावी हातात येईपर्यंत जुन्याचा पत्ता फाडायचा नाही गं. मोठी जागा मागितली आणि नल आला तर जुनीपण गेली. माझ्या बॅचमध्ये दरवर्षी पोरं हेच करतात." मग घास उचलला आणि जेवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आईंची खाट कुठे ठेवावी कळत नाही." त्या म्हणाल्या, "हं." त्याच्या पुढच्या दिवशी म्हटलं, "खाट तशी लहानच आहे." त्या म्हणाल्या, "बरं." आणि घड्याळ वर ढकललं.

घरी सासूबाई भडकल्या. "अगं, तोंडात मूग धरलेस काय? खाट लहान आहे, खाट लोखंडाची आहे, हे काय त्या मास्तरणीला खाट विकायला गेलीस? सरळ विचार! नाहीतर मला पाठुंगळी घे आणि घेऊन चल, मी विचारते."

चाळीतलं पाणी तोडायची तारीख लागली. त्या संध्याकाळी मी चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या दारात उभी होते. मॅडम भिंतीकडे तोंड करून लिहीत होत्या आणि बोलत होत्या, "न मागता जी जागा वापराल ती कोणाची तरी असणार. मागायला लाज वाटते म्हणून प्रोग्रॅम चालत नाही, असं परीक्षेत लिहिता येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मला जागा पाहिजे."

आवाज माझाच होता, पण जरा मोठा आला. सगळी मुलं वळली. मॅडम वळल्या नाहीत. खडू भिंतीवरच होता.

"किती?"

मला वाटलं होतं हो किंवा नाही येईल. किती हे मी ठरवलंच नव्हतं. मी म्हटलं, "एक खाट. आणि खाटेखाली एक माणूस."

"कधीपर्यंत?"

"ते माहीत नाही."

"ते सांगावं लागतही नाही. काम झालं की परत करायची, एवढंच. कुठे पाहिजे?"

"तुम्ही द्याल तिथे."

"बरोबर. मागणाऱ्याने आकार सांगायचा, कुठे ते सांगायचं नाही." त्यांनी खडू ठेवला. "मिळाली. आतली खोली."

मुलांना ते सगळं शिकवण्यातलंच वाटलं. दोघा-तिघांनी लिहूनही घेतलं. निनाद म्हणाला, "मॅडम, मावशीने नल चेक नाही केला."

"जा मंगल, बघून ये."

मी ट्रे तसाच हातात घेऊन आत गेले. खोलीत जुने कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, पुस्तकं, एक तुटलेला पंखा, सगळं होतं तसंच होतं. मागून मॅडमचा आवाज आला, "मॅलॉक आहे, आधीच्याचा पसारा असणारच. साफ करून मिळणार नाही." पण खिडकीखालची भिंत मोकळी होती. तिथे पूर्वी त्यांचं लिहायचं टेबल असायचं. ते उचलून दाराजवळ नेलेलं होतं, त्यामुळे दार अर्धंच उघडत होतं. मोकळी जागा बरोबर एका खाटेएवढी होती. मी चहा गार व्हायच्या आत बाहेर गेले.

सासूबाई टेम्पोतून खाटेसकट आल्या. मॅडमशी त्यांचं पटलं असं म्हणता येणार नाही, पण दोघींना एकमेकींशिवाय जेवण जात नसे. सासूबाई त्यांना मास्तरीण म्हणायच्या. मॅडम त्यांना आजी म्हणायच्या, वयात फार फरक नसताना. त्यांचं मोठं भांडण झालं ते वाटीवरून.

शेजारून कधीमधी वाटीभर काही यायचं. मॅडम वाटी घासून, पुसून, रिकामी परत पाठवायच्या. सासूबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, रिकामं भांडं परत देतात का कोणी? चिमूटभर साखर तरी घाल."

"आजी, परत केलेली वस्तू आपली राहत नाही. त्यात आपण काही घालायचं नाही. सोडलं म्हणजे सोडलं. माझी पोरं सोडलेल्या जागेत परत लिहायला जातात आणि दुसऱ्याच्या सामानाचा चुथडा करतात."

"परत केल्यावर कोण घाल म्हणतंय? परत करायच्या आधी घालायचं."

मॅडम विचारात पडल्या. घड्याळ वर ढकललं. मग म्हणाल्या, "आधी चालेल."

त्या दिवशी वाटी साखर घालून गेली. शेजारच्या बाई स्वतः बघायला आल्या, काय झालं म्हणून.

असं बरंच चाललं. आमचं नवीन घर कागदावरच राहिलं. मग मॅडमना दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग भिंतीवर वरच्या कोपऱ्यात लिहिताना, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मला सांगा. मी बाहेर बसले तर कोणाला सांगणार आहात? हिला? ही कोणाला काही विचारणार नाही."

त्यांनी नवीन बॅच घेतली नाही. त्यांनी एकेक वस्तू सोडायला सुरुवात केली. पुस्तकं मुलांना दिली. शेजारच्या बाईंचा मिक्सर, जो आपलाच आहे असं मला वाटायचं, तो परत गेला. निनाद आता नोकरीला लागला होता. तो भेटायला आला आणि चहा झाल्यावर स्वतःहून कप विसळून गेला.

मला कळत होतं की आता आम्हाला पुन्हा जागा लागणार. घर मॅडमच्या भावाचं होतं. भाऊ गेला होता आणि भाचा पुण्याला असायचा. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "माझ्याकडे मागू नकोस हं. हे घर माझं नाही, मी वापरलं. आता माझ्याकडे द्यायला काही नाही." दम घेऊन म्हणाल्या, "ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे माग. नल आला तर?"

मी म्हटलं, "पुढे जायचं."

"हं," त्या म्हणाल्या आणि झोपल्या. त्यानंतर त्या थोडेच दिवस होत्या. गेल्या तेव्हा सकाळची वेळ होती आणि नळाला पाणी आलं होतं. मी तोटी बंद करायला विसरले. पिंप भरून पाणी हॉलपर्यंत आलं तेव्हा सासूबाईंनी हाक मारली.

भाचा आला. चांगला माणूस. म्हणाला, "मावशी, घाई नाही, पण मला घर द्यावं लागेल कोणालातरी." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालून बाहेर पडले.

पहिल्या ठिकाणी मालकिणीने दार थोडंसं उघडून विचारलं, "मासे खाता का?" मी म्हटलं, "खातो." दार लागलं. मी जिन्यात उभी राहून म्हटलं, नल. दुसऱ्या ठिकाणी एका गृहस्थाने विचारलं, "घरात पुरुष माणूस कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही." त्यांनी मान हलवली, पण होकारात नाही. नल. मला वाटलं होतं, नाही ऐकलं की मला तिथेच रडू येईल. तसं काही झालं नाही. त्यांच्याकडे जागा नव्हती, त्यांनी तसं सांगितलं.

नाहूरला स्टेशनच्या मागे एका म्हाताऱ्या बाईंच्या घराला मागच्या बाजूने खोली होती. मी दारातच म्हटलं, "मला जागा पाहिजे."

त्या म्हणाल्या, "किती?"

मी सांगितलं, "एक खाट. आणि खाटेखाली एक माणूस."

"खाटेखाली कशाला? जागा आहे की बाजूला," त्या म्हणाल्या आणि चावी आणायला आत गेल्या.

ती चावी हातात आल्यावरच मी घरी येऊन इकडची खोली आवरायला घेतली. खाट टेम्पोत चढली, मागून सासूबाई चढल्या. मी खोली झाडली. मॅडम म्हणाल्या असत्या, झाडायची गरज नाही, पुढचा बघून घेईल. पण झाडली. लिहायचं टेबल परत खिडकीखाली ओढून नेलं. दार पूर्ण उघडायला लागलं. हॉलमधल्या भिंतीवर मॅडमचं शेवटचं लिहिलेलं अजून होतं. ते मी पुसलं नाही, तो आमच्या खोलीतला भाग नव्हता.

मग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक वाटी ठेवली आणि तिच्यात साखर घातली. कुलूप लावलं, खाली आले आणि भाच्याच्या हातात चावी दिली.

"सगळं घेतलंत ना मावशी? वर काही राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सासूबाई आतून ओरडत होत्या, "अगं, चल ना!" मी गेटपर्यंत आले आणि आठवलं की वाटीवर झाकण ठेवायचं राहिलं. त्या ओट्यावर मुंग्या फार येतात. वर जाऊन झाकण ठेवायला कितीसा वेळ लागला असता. भाच्याने चावी लगेच दिली असती.

पण चावी दिली होती. मी टेम्पोत चढले.